आवाज बसतो म्हणजे नेमकं काय होतं? सहा फ्रँकच्या आरशापासून सुरू झालेली गोष्ट

मॅच बघताना बेंबीच्या देठापासून ओरडलात. लग्नात डीजेच्या आवाजावर मात करत चार तास गप्पा मारल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घरचे म्हणाले, 'घसा बसलाय, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.'

दोन-चार दिवसांत आवाज परत आला तर ठीक. पण आला नाही तर? मग तुम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाता. डॉक्टर जीभ बाहेर धरतात, लांब दांड्याचा एक छोटा गोल आरसा घशात घालतात आणि 'ई करा' असं सांगतात. आता बऱ्याच ठिकाणी आरशाऐवजी कॅमेरा आला आहे. पण आत बघण्याची मूळ युक्ती त्या आरशाचीच.

ही युक्ती कुणा डॉक्टरची नव्हती. ती होती मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका ऑपेरा गायकाची. आणि त्याने आरशात जे पाहिलं ते घडतं कसं, हे समजायला पुढे पूल आणि विमानाचे पंख यांच्या थरथरण्याचं शास्त्र कामी आलं.

ऑपेरा, हॉस्पिटल आणि कंपनांचं इंजिनिअरिंग. एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेल्या या तीन क्षेत्रांनी मिळून आपल्या घशाचं कोडं कसं सोडवलं, तेच समजून घेऊया.

ऑपेरावाल्या घरातला मुलगा

ऑपेरा हाऊस म्हटलं की आपल्याला गिरगावातली इमारत आणि तिथला चौक आठवतो. पण ऑपेरा म्हणजे काय? ढोबळमानाने सांगायचं तर गाण्यातून उलगडणारं नाटक. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मधे गद्य संवाद असतात, ऑपेरात मात्र बहुतेक वेळा संवादही गाऊनच म्हटले जातात. आणि हे सगळं माइकशिवाय, समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत असताना.

गार्सिया कुटुंब हे या जगातलं बडं घराणं. वडिलांचं नावही मॅन्युएल गार्सियाच. १८१६ साली रोममध्ये रोसिनीचा 'द बार्बर ऑफ सेव्हिल' हा ऑपेरा पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा त्यातली काउंट अल्माविवाची भूमिका त्यांनी केली होती. मुलगी मारिया पुढे मारिया मालिब्रान म्हणून युरोपभर गाजली. धाकटी पोलिन व्हियार्दो हीसुद्धा मोठी गायिका झाली.

आपल्या गोष्टीतला मुलगा मॅन्युएल १८०५ साली जन्मला. १८२५ मध्ये हे कुटुंब थेट न्यूयॉर्कला गेलं आणि तिथल्या लोकांना इटालियन ऑपेरा दाखवला. बाप अल्माविवा, मुलगी रोझिना आणि वीस वर्षांचा मॅन्युएल फिगारो.

पण मॅन्युएलचा आवाज या धबडग्यात टिकला नाही. अवघड भूमिका, सततचे प्रयोग आणि वडिलांची कडक शिस्त यांचा त्याच्या गळ्यावर ताण आला. पंचविशीच्या आसपास त्याने रंगमंच सोडला. ज्या वयात गायकाचं करिअर सुरू होतं, त्या वयात त्याचं संपलं होतं.

गाणं सोडलं आणि हॉस्पिटल गाठलं

१८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्सवर स्वारी केली. मॅन्युएल त्या मोहिमेबरोबर गेला. परत आल्यावर त्याने लष्करी हॉस्पिटलांच्या प्रशासनात काम केलं आणि तिथेच घशाच्या रचनेचा अभ्यास सुरू केला.

आपला आवाज का गेला, हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता. आवाज निघतो कुठून, खालचा सूर आणि वरचा सूर यांत घशात काय बदल होतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं. तोपर्यंत गाणं शिकवणारे गुरू कानावर विसंबून शिकवायचे. डॉक्टरांकडे मृत शरीरातली स्वरयंत्रं होती, पण त्यातून गाणं येत नव्हतं. गार्सियाकडे दोन्ही बाजू होत्या.

१८४० मध्ये त्याने मानवी आवाजावरचा आपला निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीला सादर केला. एक गायनशिक्षक शास्त्रज्ञांच्या दरबारात गेला होता, आणि त्यांनी त्याचं म्हणणं गांभीर्याने ऐकलं.

पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये त्याच्याकडे स्वीडनहून एक वीस वर्षांची गायिका आली. तिचं नाव जेनी लिंड. मायदेशी ती स्टार होती, पण सततच्या प्रयोगांनी आवाज पार थकला होता. गार्सियाने तिला लगेच शिकवायला नकार दिला. आधी सहा आठवडे आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायची, मग पुढचं बोलू, असं त्याने सांगितलं. तिने ऐकलं. त्यानंतर त्याच्याकडे जवळपास वर्षभर शिकली. पुढे हीच जेनी लिंड युरोप आणि अमेरिकेत तुफान लोकप्रिय झाली.

थकलेल्या गळ्याकडून रियाज करून घेण्याऐवजी त्याला थांबवायचं, ही गोष्ट आज व्हॉइस क्लिनिकमध्ये रोज सांगितली जाते. गार्सियाने ती आरसा सापडण्याच्या तेरा वर्षं आधी सांगितली होती.

आरसा सापडला तो दिवस

जिवंत माणसाचा घसा आतून बघायचा प्रयत्न आधी कुणी केला नव्हता, असं नाही. जर्मनीत बोझिनी यांनी १८०७ मध्ये मेणबत्तीच्या प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली होती. लंडनमध्ये बॅबिंग्टन यांनी १८२९ मध्ये आरशाचं एक साधन दाखवलं होतं. पण ही साधनं रोजच्या वापरात रुजली नाहीत. घसा ओकारी देतो, आत अंधार असतो आणि स्वरतंतू जिभेच्या मागे खाली वळणावर दडलेले असतात. सरळ नजर तिथे पोहोचतच नाही.

गार्सियाने नंतर स्वतःच सांगितलेला प्रसंग असा. सप्टेंबर १८५४. तो तेव्हा लंडनमध्ये शिकवत होता आणि सुट्टीत पॅरिसला आला होता. पॅले रॉयालमध्ये फिरताना डोक्यात तोच जुना विचार होता. आणि एकदम त्याच्या डोळ्यांसमोर दोन आरसे आले. एक घशात, दुसरा हातात. घशातला आरसा तिरका धरायचा आणि हातातल्या आरशाने उन्हाचा झोत त्यावर टाकायचा.

तो थेट शारिएर या शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्याच्या दुकानात गेला. लांब दांड्याचा छोटा आरसा आहे का, विचारलं. दुकानात दातांच्या डॉक्टरांसाठी बनवलेला एक आरसा पडून होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो ठेवला होता, पण कुणी फारसं विचारलं नव्हतं. गार्सियाने तो सहा फ्रँकला घेतला.

घरी येऊन त्याने आरसा गरम पाण्यात बुडवला, म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरणार नाही. मग नीट पुसला, पडजिभेला टेकवला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं. समोर त्याला स्वतःचे स्वरतंतू दिसले. उघडे, आणि त्यांच्या फटीतून श्वासनलिकेचा काही भागसुद्धा.

मग त्याने गाऊन पाहिलं. दोन पांढरट पट्ट्या झपकन एकमेकींजवळ आल्या, मधली फट बंद झाली आणि सूर उमटला. ही निरीक्षणं त्याने १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडली.

व्हिएन्नाचा हिवाळा आणि डॉक्टरांचं भांडण

गार्सियाला घशाचे आजार शोधायचे नव्हते, त्याला आवाज समजून घ्यायचा होता. आरसा दवाखान्यात नेला तो डॉक्टरांनी.

१८५७ मध्ये व्हिएन्नातले डॉक्टर लुडविग ट्युर्क यांनी रुग्णांवर असे आरसे वापरून पाहिले. पण त्यांची सगळी भिस्त उन्हावर. हिवाळा आला, ऊन गेलं आणि त्यांनी प्रयोग बाजूला ठेवले. योहान चेर्माक नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आरसे त्यांच्याकडून मागून घेतले, आणि उन्हाऐवजी दिव्याचा प्रकाश अंतर्गोल आरशाने घशात टाकला. आता पावसात, थंडीत, रात्री, कधीही घसा तपासता येणार होता.

ट्युर्क चिडले. शोध कुणाचा यावरून दोघांत बरीच वर्षं जाहीर भांडण चाललं. चेर्माक मात्र युरोपभर फिरून प्रात्यक्षिकं देत राहिले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावर मधे भोक असलेला गोल आरसा तुम्ही जुन्या सिनेमात पाहिला असेल. तो याच युक्तीचा वंशज.

गार्सियाला १८६२ मध्ये क्योनिग्जबर्ग विद्यापीठाने वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. डॉक्टर नसलेल्या गायनशिक्षकाला.

एका राजपुत्राचा बसलेला आवाज

घशात बघता यायला लागलं म्हणजे सगळे प्रश्न सुटले असं नाही. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीच्या राजघराण्यातलं.

१८८७ च्या सुरुवातीला जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी आरशाने पाहिलं तर स्वरतंतूवर छोटी गाठ. ती जाळून काढायचा प्रयत्न झाला, पण ती पुन्हा वाढली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली.

त्याआधी लंडनहून मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावण्यात आलं. ते त्या काळचे घशाचे सर्वांत नावाजलेले तज्ज्ञ होते आणि हे तंत्र त्यांनी चेर्माक यांच्याकडूनच शिकलं होतं. त्यांनी सांगितलं, आधी तुकडा काढून तपासा. तुकडा तपासला रुडॉल्फ फिर्शो यांनी. आजाराचं मूळ पेशींमध्ये शोधायचं असतं, हे वैद्यकशास्त्राला शिकवणारे हेच ते शास्त्रज्ञ. त्यांना त्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत स्पष्ट झालं की तो कर्करोगच होता. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास घेता यावा म्हणून त्यांच्या गळ्याला छेद द्यावा लागला. मार्चमध्ये वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाले, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. ते चिठ्ठ्या लिहून कारभार करत. ९९ दिवसांत, १५ जून १८८८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. गादीवर त्यांचा मुलगा विल्हेल्म दुसरा आला, ज्याच्या काळात जर्मनी पहिल्या महायुद्धात उतरली.

उदारमतवादी समजले जाणारे फ्रेडरिक जगले असते तर युरोपचा इतिहास वेगळा झाला असता का, यावर आजही वाद होतात. त्या काळी ती शस्त्रक्रियाही जिवावर बेतणारी होती, त्यामुळे ती झाली असती तर ते वाचलेच असते असंही म्हणता येत नाही. पण डॉक्टरांनी यातून एक धडा घेतला. एका छोट्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं होत नाही. संशय असेल तर पुन्हा तपासायचं.

आरशातून दिसलं, पण कळलं नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वरतंतू थरथरतात हे ठीक, पण त्यांना थरथरवतं कोण?

'तंतू' हा शब्दच थोडा फसवा आहे. १७४१ मध्ये फ्रान्समधल्या अँटोइन फेरेन यांनी मेलेल्या प्राण्यांच्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढून दाखवला. त्यांना वाटलं, घशात तारा आहेत आणि हवा हा त्यांच्यावर फिरणारा गज आहे, व्हायोलिनसारखा. म्हणून त्यांनी 'व्होकल कॉर्ड' हे नाव दिलं, ते आजवर चिकटलं आहे.

प्रत्यक्षात त्या तारा नाहीत. त्या आहेत मऊ, ओलसर घड्या. पुरुषांमध्ये त्यांचा कंप पावणारा भाग साधारण दीड सेंटीमीटर लांब, स्त्रियांमध्ये एक सेंटीमीटरच्या आसपास. गार्सियाने १८५५ मध्येच म्हटलं होतं की आवाज तारेच्या थरथरीतून येत नाही. फट उघडते, बंद होते आणि हवेचे एकापाठोपाठ एक झटके बाहेर पडतात, तोच आवाज. यात तो बऱ्याच अंशी बरोबर होता.

पण बोलताना पुरुषांच्या घशात हे सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा होतं, स्त्रियांच्या २०० च्या आसपास. ऑपेरातल्या सोप्रानो गायिकेने वरचा षड्ज, म्हणजे पाश्चात्त्यांचा 'हाय सी' लावला की १,०४७ वेळा. एवढ्या वेगाने ही उघडझाप करतं कोण?

१९५० मध्ये फ्रान्सच्या राउल ह्युसाँ यांनी उत्तर दिलं की मेंदू. प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून मज्जातंतूमार्फत वेगळा आदेश येतो. ही कल्पना बरीच गाजली. पण हिशोब जुळेना. सेकंदाला हजार वेळा आकुंचन पावून पुन्हा सैल होणं आपल्या स्नायूंच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय शरीरातून काढलेलं स्वरयंत्र, ज्याला मेंदूच जोडलेला नाही, तेसुद्धा खालून हवा फुंकली की वाजतं.

१९५८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे यानविलेम व्हॅन डेन बर्ग यांनी दुसरं उत्तर नीट मांडलं. मेंदू फक्त स्वरतंतू जवळ आणतो आणि ताणतो. थरथर होते ती फुप्फुसातून येणारी हवा आणि घड्यांचा लवचिकपणा यांच्यामुळे.

पेटी, झोपाळा आणि कोसळलेला पूल

हे समजायला आपली बाजाची पेटी पुरेशी आहे. भाता दाबला की हवा एकसारखी वाहते. तरीही आतली पितळी पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पट्टीला सेकंदाला शेकडो वेळा टिचकी मारणारं आत कुणी बसलेलं नसतं. एकसारखा प्रवाह आणि लवचिक वस्तू एकत्र आले की वस्तू प्रवाहातून ऊर्जा उचलते आणि आपोआप हलत राहते. इंजिनिअर याला स्वयंप्रेरित कंपन म्हणतात.

हीच गोष्ट इंजिनिअरांना घाबरवतेही. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल उद्घाटनानंतर चार महिन्यांतच कोसळला. वारा होता ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे वादळ वगैरे नव्हतं. पण पूल पिळवटायला लागला आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक वाऱ्यातून आणखी ऊर्जा घेत गेला. त्याचा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. विमानाच्या पंखांना असं होऊ नये म्हणून त्यांचीही कसून चाचणी होते. तिथे याला 'फ्लटर' म्हणतात.

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळा पुढे जाताना ढकललं आणि मागे येतानाही तेवढंच अडवलं तर तो थांबेल. पुढे जाताना जास्त जोर आणि मागे येताना कमी, तरच झोका वाढतो. स्वरतंतूंच्या बाबतीत हा फरक कुठून येतो?

उत्तर त्यांच्या आकारात आहे. ते एकाच वेळी सपाट उघडत नाहीत. आधी खालची कड उघडते, मग वरची. बंद होतानाही आधी खालची. पृष्ठभागावरून खालून वर एक लाट जाते. त्यामुळे उघडताना फटीचा आकार वर निमुळता होतो आणि आत हवेचा दाब जास्त राहतो, तर मिटताना आकार वर पसरट होतो आणि दाब कमी होतो. उघडताना जोराचा धक्का, मिटताना कमी विरोध. झाला झोका तयार.

१९७२ मध्ये इशिझाका आणि फ्लॅनगन यांनी प्रत्येक स्वरतंतूला स्प्रिंगने जोडलेले दोन ठोकळे समजून हे गणित कॉम्प्युटरवर चालवून दाखवलं. १९८८ मध्ये इंगो टिट्झे यांनी आवाज सुरू व्हायला फुप्फुसातून कमीत कमी किती दाब लागतो याचं सूत्र मांडलं. त्यातून कळतं की पेशी जितक्या चिकट आणि घट्ट, तितका जास्त दाब लागतो. 'पाणी पीत जा' हा गायकांना मिळणारा सल्ला या गणिताशी जुळतो.

ट्यूबलाइटखालचा पंखा

ही लाट डॉक्टरला दिसते कशी? सेकंदाला दोनशे वेळा होणारी हालचाल साध्या डोळ्यांना नुसती धूसर दिसते.

काही दिव्यांखाली फिरणारा पंखा कधी कधी संथ फिरतोय किंवा उलटा फिरतोय असं वाटतं ना? कारण दिवा वेगाने लुकलुकतो आणि आपल्याला पात्यांचे तुकड्यातुकड्यांतले फोटोच दिसतात. म्युनिकच्या माक्स योसेफ ओर्टेल यांनी १८७८ मध्ये हीच युक्ती घशासाठी वापरली. भोकं पाडलेली फिरती चकती प्रकाशासमोर धरून त्यांनी स्वरतंतू संथ गतीत दाखवले. आज हॉस्पिटलमध्ये याच तत्त्वावरची स्ट्रोबोस्कोपी होते, फक्त प्रकाशाचे झोत मायक्रोफोन ऐकत असलेल्या सुराशी जुळवले जातात. एखाद्या जागी लाट अडत असेल तर तिथे गाठ, सूज, व्रण किंवा आणखी काही आहे का, हे डॉक्टर तपासतात.

गार्सियाच्या आरशाचा दुसरा वंशज ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी आरशाशिवाय, थेट नजरेने स्वरयंत्र पाहिलं. १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप आणला. पूर्ण भूल देऊन श्वासाची नळी घालायची असते तेव्हा भूलतज्ज्ञ तोच किंवा त्याची कॅमेरावाली आवृत्ती हातात घेतात. कोरोनाच्या काळात व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णांना नळी घालतानाही हीच साधनं होती.

माइक नसताना गायक ऐकू कसा येतो?

ऑपेरा गायकाने नुसतं जोरात ओरडायचं ठरवलं तर ऑर्केस्ट्रापुढे त्याचा निभाव लागणार नाही. मग ते ऐकू कसे येतात?

स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हे उलगडलं. ऑर्केस्ट्राचा सर्वांत जास्त जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर जाईल तसा तो कमी होतो. प्रशिक्षित पुरुष गायक स्वरयंत्र खाली ठेवतात आणि घशाची पोकळी अशी जुळवतात की ३,००० हर्ट्झच्या आसपास त्यांच्या आवाजाला एक खास धार येते. त्या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा दुबळा असतो आणि आपला कान तिथे तिखट असतो. म्हणजे जिथे गर्दी नाही तिथून वाट काढायची.

वरच्या पट्टीतल्या गायिका दुसरी युक्ती वापरतात. जबडा जास्त उघडून त्या घशाचा अनुनाद थेट गायल्या जाणाऱ्या सुराशी जुळवतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे थेट मोजून दाखवलं. याची किंमत म्हणजे अगदी वरच्या सुरांत स्वरांतला फरक पुसट होतो आणि शब्द कळेनासे होतात.

दोन्हींतला मुद्दा एकच. आवाज मोठा करण्यासाठी स्वरतंतू एकमेकांवर आपटण्यापेक्षा वरच्या पोकळीकडून काम करून घेणं शहाणपणाचं.

रस्ता फोडणारं यंत्र आणि शिक्षकाचा घसा

आता या गोष्टीतला सर्वांत आपल्या जवळचा भाग.

कारखान्यात किंवा रस्त्यावर हादरे देणारी यंत्रं हातात धरून काम करणाऱ्यांना बोटं बधिर आणि पांढरी पडण्याचा आजार होतो. म्हणून अशा हादऱ्यांना दिवसभरात किती वेळ हात लावायचा, याच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. टिट्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की घशातल्या पेशीही हादरे सहन करतात, मग त्यांची मर्यादा किती?

२००३ मध्ये त्यांनी हा हिशोब मांडला. स्वरतंतू प्रत्येक कंपनात एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे जातात. हे सगळं अंतर जोडत गेलं तर? हातांसाठीच्या मर्यादा घशाला लावल्या तर सुरक्षित अंतर आलं सुमारे ५०० मीटर. म्हणजे सलग सूर लावला तर १७ मिनिटं. श्वास आणि अघोष अक्षरं धरून मोठ्याने वाचन केलं तर साधारण ३५ मिनिटं.

पस्तीस मिनिटं. शाळेतला एक तास साधारण तेवढाच असतो, आणि शिक्षक दिवसाला असे पाच-सहा तास घेतात.

मग सगळ्या शिक्षकांचा आवाज का जात नाही? संशोधकांनीच सांगितलं की ही मर्यादा घशासाठी फार कडक आहे. हाताच्या पेशी आणि स्वरतंतूंच्या पेशी सारख्या नाहीत. दुसरं म्हणजे, बोलताना मधे मधे पडणारे थांबे पेशींना सावरायला वेळ देतात. त्यामुळे ३५ मिनिटं हा नियम म्हणून पाठ करू नका. पण बोलणं हे शरीराच्या दृष्टीने अंगमेहनतीचं काम आहे आणि मधली विश्रांती हा त्या कामाचाच भाग आहे, एवढं यातून नक्की घ्या.

यंत्रामुळे बोटं बधिर झाली तर तो कामातून आलेला आजार मानला जातो. शिक्षक, कॉल सेंटरवाले, कीर्तनकार, भाजीवाले, बस कंडक्टर यांचा घसा बसला तर मात्र तो त्यांचा खासगी प्रश्न ठरतो, 'आलं-मध घ्या' म्हणून सोडून दिलेला.

मग आपण काय करायचं?

- आवाज बसला असेल तर त्याला विश्रांती द्या. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजताना बरेच जण घशावर उलट जास्त ताण देतात.
- दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. सतत खाकरून घसा साफ करणं टाळा, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात.
- वर्गात किंवा कार्यक्रमात माइक उपलब्ध असेल तर वापरा. त्यात कमीपणा काही नाही.
- बोलण्याच्या कामात मधे मधे पाच-दहा मिनिटं गप्प राहायची सवय लावा.
- सतत ताण देऊन स्वरतंतूंवर आलेल्या गाठींवर बहुतेक वेळा आधी ऑपरेशन नाही, तर व्हॉइस थेरपी सुचवली जाते. त्यामुळे घाबरून तपासणी टाळू नका.
- तीन आठवड्यांहून जास्त काळ आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्याच. तंबाखू, बिडी-सिगारेट किंवा दारूची सवय असेल तर अजिबात थांबू नका.
- गिळताना त्रास, श्वास घ्यायला त्रास, थुंकीतून रक्त किंवा मानेला गाठ असेल तर तीन आठवड्यांचीही वाट बघू नका.

शेवटचे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. स्वरतंतूवर सुरू झालेला कर्करोग आवाज बिघडवून लवकर इशारा देतो आणि सुरुवातीलाच सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. सम्राट फ्रेडरिक यांच्या काळात यावर खात्रीचा उपाय नव्हता. आज आहे. पण त्यासाठी कुणीतरी वेळेत आत डोकावून बघायला हवं.

आणि त्या गायकाचं पुढे काय झालं?

पंचविशीत आवाज गमावलेला मॅन्युएल गार्सिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत शिकवत राहिला. १७ मार्च १९०५ रोजी त्याने शंभरी गाठली. त्या दिवशी लंडनमध्ये मोठा सत्कार झाला. इंग्लंड, जर्मनी आणि स्पेनच्या राजांकडून सन्मान आले, जॉन सिंगर सार्जंट यांनी काढलेलं त्याचं चित्र भेट देण्यात आलं. अभिनंदन करायला गायक आले होते, तसेच घशाचे डॉक्टरही.

पुढच्या वर्षी १ जुलैला, वयाच्या १०१ व्या वर्षी तो वारला. प्रदर्शनात कुणी न विचारलेला तो सहा फ्रँकचा आरसा त्याने घेतला, तेव्हा त्याला फक्त आवाज कसा निघतो ते बघायचं होतं.

तुमच्या घरात कुणाचा आवाज महिनाभर बसलेला असेल तर हा लेख त्यांना पाठवा. आणि डॉक्टरकडे जाताना त्यांच्यासोबत जा.